चोर सोडून सुईला सुळी

काकूच्या दहाव्याला आम्ही घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलो होतो. ऊन चढत होतं. कावळा समोरच्या उंबरावर होता, पण खाली उतरत नव्हता. "काहीतरी राहिलंय तिच्या मनात," कोणीतरी पुटपुटलं. त्यावर माझा चुलतभाऊ कोणाकडेच न बघता म्हणाला, "सुई टाकली नसती तर आणखी चार वर्षं काढली असती आईने." सगळे गप्प झाले. ती सुई टाकणारा हात माझा होता, आणि मी त्याच्यापासून पाच हातांवर बसले होते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गाठीत सुई टाकायची, आलेला थेंब काचेवर ओढायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हा माझा तालुक्याच्या गावातला अठ्ठावीस वर्षांचा धंदा. तेव्हा या खटल्यात मी तटस्थ नाही, आरोपी आहे, हे आधीच सांगून टाकते. घाटावर तोंड उघडणं शोभलं नसतं. इथे उघडते. भावाला टोमणा मारायला नव्हे, कारण ते वाक्य त्याचं एकट्याचं नाहीच. एसटीत, लग्नाच्या पंगतीत, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी ते शेकडो वेळा ऐकलंय. "गाठीला हात लावू नये." "हवा लागली की पसरतं." "तुकडा काढला आणि भडका उडाला." शिकलेल्या घरांत हेच वाक्य इस्त्री करून येतं: "बायॉप्सीने स्प्रेड होतो म्हणे."

आरोप खोडायचा तर आधी तो नीट मांडला पाहिजे. आरोप असा: माणूस महिनोन्महिने गाठ घेऊन हिंडतो, जेवतो, शेतावर जातो. मग डॉक्टर सुई टाकतात किंवा तुकडा काढतात. महिना उलटत नाही तोच मान भरते, फुप्फुसात डाग निघतो, वर्षाच्या आत माणूस जातो. हे कोणी पोथीत वाचलेलं नसतं, डोळ्यांदेखत घडलेलं असतं. म्हणून या समजुतीला अडाणीपणा म्हणून उडवून लावणाऱ्यांतली मी नाही. बघितलेलं खरं आहे. चुकलाय तो हिशोब, कारण तो भलत्याच तारखेपासून मांडलाय.

काकूच्या आजाराचं पंचांग मला पाठ आहे. गणपतीत तिच्या गालाच्या आतल्या बाजूला चट्टा उठला आणि मशेरी झोंबायला लागली. दिवाळीत जबड्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. संक्रांतीपर्यंत लेप झाले. दाढेमुळे असेल म्हणून दाढ काढली. शिमग्याच्या सुमारास कोणा डॉक्टरने गंडमाळ ठरवून, काहीही न तपासता, टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. माझं घर तिथून वीस किलोमीटरवर. मला यातलं काही कळवलं नाही, कारण "तिला सांगितलं की ती सुईच टाकेल." ज्येष्ठात गाठ फुटायला आली तेव्हा तिला माझ्याकडे आणलं आणि मी सुई टाकली. आषाढी एकादशीच्या आत स्कॅन झाला. दोन्ही फुप्फुसांत ठिपके होते, त्यातला मोठा एक सेंटिमीटरचा. सुई आणि स्कॅन यांच्यामध्ये २६ दिवस.

भावाचा खटला ज्येष्ठात सुरू होतो. माझ्या मते तो गणपतीच्याही बराच आधी सुरू झालेला होता, आणि हे मी गणिताने दाखवू शकते. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी धरतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार असं करत एका पेशीपासून तिथवर पोचायला दुपटीच्या ३० पायऱ्या लागतात. एक पायरी दहा दिवसांत चढली असं मानू. कर्करोगाच्या बहुतेक गाठी याहून कितीतरी सावकाश, कधी महिन्या-दोन महिन्यांनी दुप्पट होतात, पण असू दे, भावाच्या बाजूने उदार होऊ. तरी ३०० दिवस झाले. आणखी उदार होऊ. सुईने एक नव्हे, एकदम हजार पेशी फुप्फुसात ढकलल्या आणि त्या सगळ्या जगल्या असं समजू. पहिल्या दहा पायऱ्या वाचल्या. उरलेल्या वीस पायऱ्यांना २०० दिवस. आणि आमच्याकडे आहेत २६. एवढ्या दिवसांत तो ठिपका उगवायचा तर गाठ सव्वा दिवसाला दुप्पट व्हायला हवी. तोंडाचा कॅन्सर त्या वेगाने वाढत नाही.

मग सुईनंतरच ठिपके कसे दिसले? कारण सुईनंतरच बघितले. कॅन्सर ठरल्याशिवाय छातीचा स्कॅन कोणी करत नाही. आधी सुई, मग निदान, मग स्कॅन, हा क्रम ठरलेला. त्यामुळे स्कॅनमध्ये जे जे निघेल ते सुईच्या खात्यावर पडतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते ती अशी. फांदी आतून कधीची पोखरलेली होती, हे बघायला झाडावर चढावं लागतं. कावळा मात्र खालूनही दिसतो.

बरं, सुईने पसरवलं नाही तर पसरवलं कोणी? याचं अर्धं उत्तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पायात काटा मोडून चिघळला की जांघेत अवधाण येतं. हाताला गळू झालं तर काखेत येतं. काटा तळव्यात आणि दुखतं जांघेत, याचा अर्थ दोन्हींच्या मध्ये रस्ता आहे. तो रस्ता म्हणजे लसीकावाहिन्या, आणि अवधाण म्हणजे त्या रस्त्यावरची सुजलेली लसीकाग्रंथी. आमच्या भाषेत नोड. आपल्या आज्यांनी कोणत्याही शरीरशास्त्राशिवाय लसीकेचा नकाशा ओळखला होता. आपण तो काट्याला लावतो आणि कॅन्सरला लावायचं विसरतो.

हा रस्ता चालतो कसा ते थोडं खोलात सांगते, कारण खरा चोर इथेच सापडतो. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून दिवसभर पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपत असतात. बरंचसं परत आत जातं. जे बाहेर राहतं ते रोज दोन-तीन लिटर भरतं. ते उचललं नाही तर माणूस फुगून जाईल. उचलण्याचं काम लसीकावाहिन्यांचं. त्यांची टोकं बंद असतात आणि भिंत एका पेशीइतकी पातळ. त्या भिंतीतल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. बाहेर पाणी वाढलं की कौल आत उचललं जातं आणि पाणी शिरतं. आत शिरलेलं मागे फिरू शकत नाही. रक्तवाहिनीची भिंत बांधीव असते. लसीकावाहिनीचं दार नुसतं लोटलेलं असतं, कारण तिला मोठमोठी प्रथिनं, मेलेले जंतू, भटक्या पेशी असलं सगळं आत घ्यायचं असतं. कॅन्सरची पेशी मूळ गाठीपासून सुटली की सगळ्यांत सोपं दार तिला हेच सापडतं. शिवाय पुष्कळ गाठी असं रसायन सोडतात की आजूबाजूला नव्या लसीकावाहिन्या फुटतात. चोर आला तो आला, स्वतःसाठी वाटही पाडून घेतो.

पुढे हे पाणी नोडमधून गाळून जातं. शरीरात असे पाच-सहाशे नोड असतात, आणि त्यांची मोठी दाटी मानेत. शेवटी सगळे ओहोळ मिळून छातीतून एक मोठी नळी वर चढते आणि मानेच्या बुडाशी डाव्या बाजूला शिरेत उघडते. उजवीकडे एक धाकटी नळी असते. म्हणजे लसीकेचा प्रवास अखेर रक्तातच संपतो. पोटातल्या कॅन्सरची वर्दी डाव्या हासळीच्या हाडावरच्या गाठीत मिळते ती यामुळेच. जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ विरशो याने १८४८ मध्ये ही खूण नोंदवली, आणि ती गाठ आजही त्याच्या नावाने ओळखतात. त्या बिचाऱ्या पोटाला तेव्हा कोणाचीही सुई लागलेली नव्हती.

नोडचा काप मी रोज बघते. वाटाण्याएवढ्या नोडला बाहेरून पातळ कवच असतं आणि कवचाच्या आत लागून पाण्याची चिंचोळी पन्हळ. बाहेरून येणारी लसीका आधी या पन्हळीत पडते. आणि नोडमध्ये शिरलेल्या कॅन्सरच्या पहिल्या पेशी मला बहुतेक वेळा तिथेच, कडेच्या पन्हळीत दिसतात. दोन-चार पेशींचा घोळका, काठाला टेकून बसलेला. मूळ गाठीतून पाण्याबरोबर वाहत आल्याची याहून स्वच्छ खूण कोणती हवी? हे ऑपरेशनमध्ये निघालेले नोड असतात. त्यांतल्या कित्येकांना त्याआधी कोणाच्या सुईने स्पर्शही केलेला नसतो.

तेव्हा चित्र असं आहे. बाराही महिने वाहणाऱ्या ओढ्याच्या काठावर वर्षभर राख सांडत होती. एके दिवशी कोणीतरी पाणी किती खोल आहे बघायला काठी बुडवली. खाली गावात पाणी काळं झालं म्हणून आता त्या काठीवर पंचनामा चाललाय.

याच न्यायाने दुसऱ्या दोन गोष्टी. इंजेक्शनच्या सुईएवढी माझी सुई गाठीत अर्धा मिनिट असते. तिने पसरतं म्हणणारी माणसं त्याच गाठीवर तीन महिने सकाळ-संध्याकाळ लेप चोळतात, ती 'बसावी' म्हणून दाबतात, 'पिकावी' म्हणून शेकतात. दाबल्यानेच पसरत असेल, तर अर्ध्या मिनिटाचा जाब मागताना तीन महिन्यांचाही मागायला नको का? आणि 'हवा लागते' या म्हणण्यावर तर काय बोलावं! आपल्याकडच्या पुरुषांत सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा. तो पहिल्या दिवसापासून हवेतच असतो, प्रत्येक श्वासाला, प्रत्येक जांभईला. फुप्फुसाचाही तसाच. हवेने भडका उडत असता तर हे दोन कॅन्सर सुईची वाट बघत थांबले नसते.

आता विरुद्ध पक्षाचं जे खरं आहे ते मान्य करते. नाहीतर मीही माझ्याच बाजूचे साक्षीदार तपासल्यासारखं होईल.

सुईच्या वाटेवर पेशी सांडू शकतात. हे आम्हाला माहीत आहे, मोजलेलं आहे आणि पुस्तकांत छापलेलं आहे. यकृताच्या कॅन्सरमध्ये सुईच्या मार्गावर गाठ उगवण्याचं प्रमाण शेकडा दोन-तीनच्या घरात येतं. म्हणून तिथे स्कॅनवरच चित्र स्पष्ट असेल तर सुई टाळतात. अंडकोषाच्या संशयित गाठीत वृषणाच्या कातडीतून सुई टाकायची नाही, हा पक्का नियम. त्याचं कारण लसीकेच्या नकाशात आहे. अंडकोषाची लसीका पोटात मूत्रपिंडांच्या पातळीवर, महारोहिणीलगतच्या नोडकडे जाते. बाहेरच्या कातडीची जाते जांघेत. कातडीतून सुई टाकली तर दोन वेगळे रस्ते एकमेकांना जोडले जाऊ शकतात. म्हणून तो अंडकोष जांघेतून छेद घेऊन अख्खा काढतात. हाडाच्या सार्कोमात पुढे ऑपरेशन करणारा सर्जनच सुईची जागा ठरवतो, म्हणजे ती वाट नंतर गाठीबरोबर कापून टाकता येते.

ऑपरेशनच्या वेळी पेशी सुटत असतील का, ही शंकाही डॉक्टरांनी मनात दडपून ठेवलेली नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांवर १,६०० स्त्रियांमध्ये ती तपासली. स्तनाचं ऑपरेशन सुरू करण्याआधी काही मिनिटं निम्म्या जणींच्या गाठीभोवती भूल देण्याचं साधं, स्वस्त औषध टोचलं. २०२३ मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण औषध टोचलेल्या गटात ९०.१ टक्के, न टोचलेल्या गटात ८६.४. या निकालावर वैद्यकविश्वात चर्चा चालू आहे आणि ती व्हायलाच हवी. पण यात एक गोष्ट बघा. शंका आली तेव्हा या लोकांनी "चाकू लावू नका" असं सांगितलं नाही. चाकू अधिक सुरक्षित कसा करता येईल ते शोधलं, आणि त्यासाठी गाठीभोवती सुईच टोचली.

अपवाद हे असे आहेत. ते मोजके आहेत, त्यांची कारणं ठाऊक आहेत आणि त्यांवर उपाय ठरलेले आहेत. मानेतली, काखेतली, स्तनातली गाठ त्यांत बसत नाही. गालातला चट्टाही बसत नाही.

आता चाकूकडे वळू. "चाकू लागला की पसरतं" हे विधान खरं असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे. सारख्या रोग्यांचे दोन गट करायचे, एकाला चाकू जास्त लावायचा, दुसऱ्याला कमी, आणि कोण जास्त जगतं ते मोजायचं. ही परीक्षा परळला झालेली आहे. तोंडाचा कॅन्सर लवकरच्या अवस्थेत आहे आणि मानेत हाताला गाठ लागत नाही, अशा रुग्णांचे टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मान उघडून नोड काढले. दुसऱ्या गटात फक्त तोंडाचं ऑपरेशन केलं आणि पुढे मानेत गाठ आलीच तर तेव्हा मान उघडली. पहिल्या ५०० रुग्णांचा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. चाकूने कॅन्सर पसरत असता तर हे आकडे उलटे यायला हवे होते.

त्याच निकालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मानेत काहीच लागत नाही म्हणून ज्यांची नोंद झाली होती, त्यांचे काढलेले नोड तपासले तेव्हा साधारण दहापैकी तिघांच्या नोडमध्ये कॅन्सर आधीच पोचलेला होता. गाठ नाही, दुखणं नाही, सूज नाही, आणि पाहुणा घरात. लसीका किती गुपचूप काम करते ते यावरून कळावं. "गाठ शांत होती" हे आपलं म्हणणं म्हणजे फक्त आपल्याला ऐकू येत नव्हतं.

पण सगळा दोष लोकांच्या माथी मारून मी थांबले तर ती लबाडी होईल. या विषयात डॉक्टरही ठेचकाळले आहेत, आणि उलट्या दिशेने. लोकांनी लसीकेचा रस्ता लक्षातच घेतला नाही. सर्जन एके काळी तो एकच रस्ता आहे असं धरून चालले.

बाल्टिमोरचा सर्जन विल्यम हालस्टेड याने १८९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरवरच्या आपल्या मोठ्या ऑपरेशनची माहिती प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतले सगळे नोड एकसंध काढायचे. त्यामागचा तर्क असा होता की कॅन्सर पायरी पायरीने चालतो. आधी गाठ, मग जवळचा नोड, मग लांबचा, मग शरीर. पुढे जाऊन कापा, म्हणजे वाट बंद. त्यानंतर पाऊण शतक बायकांच्या छातीची खापरी झाली, हात जन्मभर सुजून राहिले, आणि "आणखी थोडं कापलं असतं तर" हा विचार काही सुटेना.

खरं तर त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, लंडनचा स्टीफन पॅजेट स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून बसला होता. पेशी सगळीकडे वाहत जातात, तर मग गाठी यकृतात आणि हाडांत इतक्या का, आणि दुसऱ्या अवयवांत इतक्या कमी का, हा त्याचा प्रश्न. उत्तर त्याने शेतकऱ्याच्या भाषेत दिलं: बी कुठेही पडतं, उगवतं मात्र मानवेल त्या जमिनीत. आपल्याकडच्या कुणब्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पेरणीआधी तो वाफसा बघतो. कॅन्सरच्या पेशीलाही वाफसा लागतो. लाखो पेशी रक्तात आणि लसीकेत वाहतात, त्यातल्या बहुतेक मरतात, एखादीच रुजते. पेशी सांडली म्हणजे गाठ उगवलीच असं समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हालस्टेडच्या तर्काची परीक्षा अमेरिकेत बर्नार्ड फिशर याने घेतली. १९७१ पासून १,६०० हून अधिक स्त्रिया त्यात सामील झाल्या. काहींना मोठं ऑपरेशन, काहींना लहान. पंचवीस वर्षांनंतरचा निकाल २००२ मध्ये आला, आणि जगण्यात दखल घेण्याजोगा फरक नव्हता. आज स्तनाच्या ऑपरेशनमध्ये निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून लसीका आधी कोणत्या नोडकडे जाते ते बघतात, पहाऱ्यावरचे तेवढेच एक-दोन नोड काढतात, आणि ते स्वच्छ असले तर बाकीची काख तशीच ठेवतात. हात सुजायचं टळतं.

इथे एखादा चाणाक्ष वाचक मला अडवेल. मानेत नोड काढले तर माणसं जास्त जगली, काखेत काढले तर फरक नाही, हे कसं? कारण दोन रोगांची चाल वेगळी आहे. तोंडाचा कॅन्सर बराच काळ मानेतच लढतो आणि पुष्कळदा मानेतच मारतो. तिथलं शेत साफ केलं तर पीकच जातं. स्तनाचा कॅन्सर लवकरच रक्ताची वाटही धरतो, म्हणून तिथे काखेपेक्षा सबंध शरीराला पोचणारी औषधं निकाल ठरवतात. आतड्याच्या कॅन्सरवर २०१७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात १७ रुग्णांच्या गाठींची जनुकीय वंशावळ लावली. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत लांबच्या अवयवातली गाठ नोडमधल्या गाठीची लेक नव्हतीच. दोघी मूळ गाठीतून वेगवेगळ्या निघाल्या होत्या. उरलेल्यांत मात्र दोघींचा उगम एकच होता. म्हणजे नोड कधी मधलं स्टेशन असतो, तर कधी नुसती पाटी: गाडी या बाजूने जाऊ लागली आहे.

आणि म्हणूनच घराघरातला दुसरा समजही मोडला पाहिजे. "काखेतल्या गाठीत उतरलं म्हणजे संपलं." सुईला घाबरणारी माणसं रिपोर्टमध्ये '१४ पैकी ३' असा आकडा दिसला की हातपाय गाळतात आणि केमो अर्धवट सोडून घरी जातात. तो आकडा मीच लिहिते, म्हणून सांगते. ऑपरेशनमध्ये निघालेल्या चरबीत बोटांनी चाचपत, डाळीतले खडे वेचावेत तसे मी नोड वेचते. चौदा मिळाले, त्यांतल्या तिघांत कॅन्सर होता, एवढंच ते वाक्य सांगतं. पुढे औषध कोणतं, किरणं द्यायची का, किती दिवस, हे त्यावरून ठरतं. काखेत पोचलेला स्तनाचा कॅन्सर आजही पूर्ण बरा करण्याच्या उद्देशानेच हाताळला जातो, आणि कितीतरी जणी बऱ्या होतात. थायरॉइडच्या एका नेहमीच्या प्रकारात तर तरुण रुग्णांच्या मानेत नोड सर्रास सापडतात आणि माणसं पुढे पूर्ण आयुष्य जगतात. या कागदाला मृत्यूचा दाखला समजू नका. वेळेवर हातात पडलेली ती वर्दी आहे.

आता माझ्या धंदेबंधूंचा हिशोब. लोकांच्या डोक्यात सुईची भीती आपोआप उगवलेली नाही. कोणी डॉक्टर 'चरबीची गाठ' म्हणून खुर्चीवर बसवून गाठ काढतो आणि ती बाटलीत घालून तपासायला पाठवण्याऐवजी कचऱ्यात टाकतो. सहा महिन्यांनी ती दुप्पट होऊन परत येते. रुग्ण म्हणतो, कापलं म्हणून वाढलं. अर्धवट कापून न तपासता सोडलं म्हणून वाढलं, हे त्याला कोण सांगणार? कोणी मानेतली गाठ दिसताच टीबीच्या गोळ्या लिहितो. आपल्याकडे मानेत टीबीची गाठ पुष्कळांना होते, अंदाज बरेचदा बरोबरही येतो, आणि म्हणूनच ही सवय घातक ठरते. अंदाज चुकला तर ते महिने कॅन्सरच्या पदरात पडतात. बरोबर आला तरी औषध लागू पडतंय का ते कळत नाही. टीबी की कॅन्सर, की नोडचाच स्वतःचा लिम्फोमा, याचं उत्तर त्या अर्ध्या मिनिटाच्या सुईत असतं. आणि सगळ्यांत मोठी चूक आम्ही न बोलण्याची करतो. रिपोर्ट इंग्रजीत, घाईत, पाकिटात घालून देतो. सुई का टाकतो, नंतर स्कॅन का करतो, त्यात आधीपासूनचं काही निघू शकतं, हे सुई टाकायच्या आधी मराठीत सांगायला दोन मिनिटं लागतात. मी काकूला ती दोन मिनिटं दिली. तिच्या मुलाला दिली नाहीत. तो बाहेर बाकावर बसला होता.

माझी चूक ती. सुई ही चूक नव्हती.

दहाव्यानंतर पाच महिन्यांनी, एका शुक्रवारी रात्री, त्याच भावाच्या बायकोचा फोन आला. आवाज दबका होता, बहुतेक स्वयंपाकघरातून बोलत होती. "ताई, यांच्या मानेत गाठ आलीय. डॉक्टर सुई टाकायला सांगतायत. हे नको म्हणतात. काय करू?"

मी विचारलं, "डॉक्टरांनी कधी सांगितलं?"

"मंगळवारी."

"तीन दिवस झाले," मी म्हटलं. "उद्या सकाळी त्याला घेऊन ये. आणि या वेळी त्याला बाहेर बाकावर बसवायचं नाही. सुई टाकायच्या आधी मला त्याच्याशी बोलायचंय."